तिसरा रकाना

गेल्या दिवाळीत मी सहा हजारांच्या आसपास थालिपिठे मोजली. वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून लगेच सांगतो, की अध्यापकी सोडून मी फराळाचे दुकान थाटलेले नाही. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. ज्ञानेश्वरीपासून नवकथेपर्यंत जे काही विद्यार्थ्यांच्या गळी उतरण्यासारखे आहे ते उतरवतो. विज्ञानाची माझी शिदोरी म्हणाल, तर शाळेत बेडकाच्या पोटाचे एक चित्र काढले होते, त्याला दहापैकी चार गुण पडले होते, तेवढीच. आणि नेमक्या याच कारणासाठी माझ्या भाचीने मला या कामावर नेमले.

मुक्ता ही माझ्या अक्काची मुलगी. पुण्यातच एका संशोधनसंस्थेत तिचे पीएच.डी.चे दुसरे वर्ष चालू होते. वसुबारसेच्या संध्याकाळी ती लॅपटॉप काखोटीला मारून आली, स्वयंपाकघरात जाऊन मामीच्या हातची गरम चकली तोंडात टाकली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"मामा, तुला जीवशास्त्रातलं काही कळत नाही ना?"

"अजिबात नाही."

"झकास. मग तूच हवास."

आयुष्यात अज्ञानाबद्दल एवढी शाबासकी मला पहिल्यांदाच मिळत होती.

तिने पडद्यावर दोन चित्रे उघडली. दोन्हींत काळ्याभोर पार्श्वभूमीवर हिरवट उजेडाचे पंधरावीस वेडेवाकडे डाग. "या पेशी. प्रत्येक डाग म्हणजे एक पेशी. आता नीट बघ. पहिल्या चित्रात पेशी उजळलेली आहे, पण मध्ये काळं भोक आहे. दुसऱ्यात उलट. मधलाच भाग लखलखीत, कडेला मंद."

मी चष्मा पुसून पाहिले. "म्हणजे पहिलं भोक पाडलेलं थालीपीठ, आणि दुसऱ्यात त्याच भोकावर लोण्याचा गोळा ठेवलाय."

मुक्ता क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "मामा, आमच्या सरांनासुद्धा इतकं सोपं सांगता आलं नव्हतं." तेव्हापासून आम्हां दोघांत हीच परिभाषा रूढ झाली.

आता हे लोणी म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. ज्याने कधी तलाठ्याकडून किंवा तहसील कचेरीतून सात-बाराचा उतारा काढला असेल त्याला ते चटकन समजेल. मूळ दप्तर कचेरीच्या बाहेर जात नाही. ते आत, कुलपात. आपल्याला मिळते ती नक्कल. पेशीचेही असेच आहे. तिच्या मधोमध केंद्रक नावाची एक खोली असते आणि तिच्यात डीएनएचे मूळ दप्तर असते. त्यातल्या हव्या त्या पानाची नक्कल काढून ती बाहेर जाते आणि त्या नकलेबरहुकूम बाहेर प्रथिने तयार होतात. डोळ्याची पेशी काय आणि यकृताची पेशी काय, दप्तर दोघींकडे एकच. कोणत्या वेळी कोणत्या पानाची नक्कल निघते यावरून त्या निराळ्या ठरतात. ही नक्कल कोणत्या पानाची काढायची, हे ठरवणारी काही खास प्रथिने असतात. माणसात ती सोळाशेच्या वर आहेत. इंग्रजीत त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. मराठी पुस्तकांत 'प्रतिलेखन घटक' असा शब्द आढळतो. शब्द चुकीचा नाही, पण त्यात जीव नाही. मला विचाराल तर मी 'नकलेचा हुकूम देणारा' म्हणेन. पण परिभाषा समितीवर मला कोणी बोलावलेले नाही.

मुक्ताचा हुकूम देणारा म्हणजे एन-एफ-कॅप्पा-बी. नाव असे, की पहिल्यांदा ऐकल्यावर मी दुसऱ्यांदा विचारले नाही. १९८६ साली अमेरिकेत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर या दोघांनी तो शोधून काढला. एरवी हा गृहस्थ पेशीच्या ओसरीवर बसून असतो. एक दुसरे प्रथिन पहारेकऱ्यासारखे त्याला धरून ठेवते. शरीरात कुठे जंतू शिरल्याची वर्दी आली, म्हणजे टीएनएफ नावाचा एक निरोप्या पेशीच्या दारावर येऊन थडकला, की आत पळापळ सुरू होते, पहारेकरी नष्ट केला जातो आणि सुटलेला हुकूमदार अर्ध्या तासाच्या आत केंद्रकात शिरतो. मग दाहाची, प्रतिकाराची, शेकडो पाने भराभर उतरवली जातात. गंमत अशी, की जी पाने तो उतरवून घेतो त्यांत नव्या पहारेकऱ्याचेही पान असते! थोड्या वेळाने हे नवे पहारेकरी केंद्रकात जातात आणि त्याला बखोटीला धरून बाहेर आणतात. आपल्याच हाताने आपला जेलर नेमणारा असा कैदी मी दुसरा पाहिलेला नाही. हा जर वेळेवर बाहेर आला नाही, सारखा आतच ठाण मांडून बसला, तर दाह निवत नाही आणि रोग जडतात. म्हणून याला आत जाण्यापासून अडवील असे औषध शोधण्यासाठी जगभर धडपड चालू आहे.

तेव्हा प्रश्न एवढाच, की हा जागा झाला की नाही, हे मोजायचे कसे? पूर्वी लाखो पेशी एकत्र दळून त्यांतून तो वेगळा काढीत. त्यातून आकडा मिळे, पण तो सगळ्यांचा मिळून. वर्गाची सरासरी पन्नास गुण आली तर सगळ्यांना पन्नास पडले, की निम्म्यांना शंभर आणि निम्म्यांना शून्य, हे सरासरी सांगत नाही. ते सांगायला एकेक उत्तरपत्रिका उघडावी लागते. उजेडाने मोजण्याची ही रीत म्हणजे एकेक उत्तरपत्रिका उघडणे.

रीत अशी. काचेच्या पातळ चकत्यांवर पेशी वाढवायच्या. निरोप्या सोडायचा. बरोबर तीस मिनिटांनी फॉर्मॅल्डिहाइड घालून सगळे जागच्या जागी थिजवायचे, जणू लपंडावात राज्य घेणाऱ्याने एकदम वळून पाहावे. मग साबणासारख्या द्रवाने पेशीच्या पटलांना बारीक भोके पाडायची, आणि त्यांतून सशाच्या शरीरात तयार झालेले एक प्रतिपिंड आत सोडायचे. ते फक्त आपल्या हुकूमदारालाच जाऊन चिकटते. त्याच्या पाठोपाठ बकरीचे प्रतिपिंड. ते सशाच्या प्रतिपिंडाला चिकटते आणि त्याच्या शेपटीला एक रंग बांधलेला असतो. ससा, बकरी आणि कंदील, अशी ही पंचतंत्रातली वरात. त्या रंगावर निळा प्रकाश टाकला की तो हिरवा प्रकाश परत देतो. यालाच फ्लोरेसन्स म्हणतात. १८५२ साली स्टोक्स या आयरिश शास्त्रज्ञाने क्विनीनच्या द्रावणात दिसणाऱ्या निळसर झळाळीचा अभ्यास करताना हे नाव दिले. केंद्रक ओळखायला वेगळा निळा रंग. मग संगणक निळ्यावरून केंद्रकाची हद्द आखतो, आतला उजेड आणि कडेचा उजेड यांचे गुणोत्तर काढतो, आणि ते ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की म्हणतो, आत गेला.

"मग मी कशाला? संगणक मोजतोच आहे."

"ती मर्यादा कुणी ठरवली, मामा? मी. आणि कधी ठरवली, तर सगळी चित्रं बघून झाल्यावर. कोणत्या चकतीवर औषध घातलं होतं, हे मला ठाऊक होतं. सर म्हणाले, ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाच्या डोळ्यानं एकदा पडताळून बघ. प्रयोगशाळेत मला काय सापडायला हवंय, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

तिच्या एका मैत्रिणीने दोनशे चाळीस चित्रांची नावे पुसून, सरमिसळ करून त्यांना नुसते क्रमांक दिले होते. कोणता क्रमांक कशाचा, याची यादी लखोट्यात बंद. लखोटा मुक्ताच्या पर्समध्ये, पण फोडायचा नाही. औषध कोणते, हेही मला सांगायला ती तयार नव्हती. मी पुष्कळ खोदून पाहिले.

तिने एक कागद पुढे केला. दोन रकाने: 'आत' आणि 'बाहेर'.

मी म्हटले, "तिसरा कुठाय?"

"कसला तिसरा?"

"सांगता येत नाही, याचा."

ती जरा कुरकुरली. तिसरा रकाना ठेवला की मोजणारा आळशी होतो, म्हणाली. पण मी हटून बसलो. आणि का हटून बसलो, ते इथे कबूल करतो. वीस वर्षे मी उत्तरपत्रिका तपासतो आहे. नवा होतो तेव्हा एकदा एका गठ्ठ्यात मला ओळखीचे अक्षर दिसले. माझ्या आवडत्या विद्यार्थ्याचे. क्रमांक झाकलेला होता, पण अक्षर कोण झाकणार? रसविचारावरचे एक उत्तर होते. ते धड बरोबर नव्हते, धड चूकही नव्हते. मी सहा गुण दिले. त्यानंतर तासाभराने जवळजवळ तसेच एक उत्तर दुसऱ्या कोणाचे आले, त्याला चार दिले होते हे मला रात्री जेवताना आठवले. परत जाऊन मी ते बदलले नाहीत. डोळा जिथे घुटमळतो तिथेच मन हळूच वजन टाकते. म्हणून घुटमळण्याला स्वतंत्र जागा हवी, असे माझे मत झाले आहे.

तिसरा रकाना आखला गेला.

धनत्रयोदशीपासून मी बसलो. सकाळी दोन तास, रात्री जेवणानंतर दोन तास. पहिल्या दिवशी मौज वाटली, दुसऱ्या दिवशी मान अवघडली, तिसऱ्या दिवशी मला डोळे मिटले तरी थालिपिठे दिसू लागली. पण हळूहळू ओळख पटत जाते. काही पेशी लांबुडक्या, काही गुटगुटीत. एखादी दोन होण्याच्या बेतात असल्यामुळे सगळे अंग आखडून गोल झालेली. मुक्ताने सांगितले, की या सगळ्या पेशी हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका कृष्णवर्णीय अमेरिकन बाईच्या. १९५१ साली बाल्टिमोरच्या रुग्णालयात कर्करोगाच्या गाठीतून त्या काढल्या, बाईला न विचारता. बाई त्याच वर्षी वारली, पेशी अजून वाढताहेत. तिच्या वारसांना एका मोठ्या कंपनीशी झगडून तडजोड मिळाली ती २०२३ साली. हे ऐकल्यावर मी 'पुढचे चित्र' म्हणण्याआधी जरा थांबू लागलो. उगाचच, पण थांबू लागलो.

रात्री मोजून झाले की मुक्ता मला त्या विद्येच्या गोष्टी सांगे. तिच्या पेशी थिजवलेल्या, म्हणजे फोटो. पण जिवंत पेशींचा सिनेमाही काढता येतो, आणि त्याचे मूळ एका जेलीफिशमध्ये आहे. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामू शिमोमुरा हा जपानी शास्त्रज्ञ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बर येथे जाळ्या घेऊन जेलीफिश पकडीत होता. सुमारे दहा हजार पकडल्या. त्यांच्या कडा कापून, पिळून रस काढायचा, पण त्यातले चमकणारे द्रव्य काही केल्या हाती लागेना. शेवटी रस मोरीत फेकला, तो मोरीत भपकन निळा उजेड! मोरीत समुद्राचे पाणी होते. त्यातल्या कॅल्शियमने ते पेटले होते. त्या निळ्या द्रव्याच्या सोबतीला एक हिरवे प्रथिन सापडले. त्याचे जनुक १९९२ साली डग्लस प्रॅशरने वेगळे काढले, आणि त्याला पुढच्या कामासाठी पैसे मिळेनात तेव्हा त्याने ते दुसऱ्यांना देऊन टाकले. २००८ साली शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना नोबेल मिळाले तेव्हा प्रॅशर अलाबामात एका मोटारविक्रेत्याकडे गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी चालवीत होता. दिलेल्याची आठवण त्या दोघांनी ठेवली. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्याला पाहुणा म्हणून स्टॉकहोमला नेले. कथालेखकाने असा शेवट केला असता तर मी त्याला कृत्रिम म्हटले असते.

अशा चमकत्या प्रथिनाची शेपटी आपल्या हुकूमदाराला जोडून दिली की तो जिवंत पेशीत हिंडताना दिसतो. २००४ साली लिव्हरपूलच्या शास्त्रज्ञांनी असा सिनेमा काढला. त्यात हुकूमदार एकदाच आत जाऊन बसत नव्हता. आत, बाहेर, पुन्हा आत, सुमारे शंभर मिनिटांच्या फेऱ्या घालीत होता! आणि प्रत्येक पेशीचा ताल आपापला. सुरुवातीला सगळ्या एकदम निघतात, मग भजनात झांजा पुढेमागे व्हाव्यात तशा पांगतात. दळलेल्या पेशींच्या सरासरीत या झांजा एकमेकींना मारून टाकतात आणि सपाट आवाज उरतो. त्याच वर्षी इस्राएलमधल्या रेहोवोत येथे पी-५३ या दुसऱ्या घटकाबद्दल असेच आढळले. किरणांनी पेशीच्या डीएनएला इजा केली की पी-५३ उसळतो. इजा जास्त तर उसळी मोठी, असे सरासरीवरून वाटे. एकेक पेशी पाहिली तर उसळी तेवढीच. वाढत होती ती उसळ्यांची संख्या.

हे सगळे ऐकताना मला वाटे, की आपण मोठ्या गोष्टीच्या काठावर बसलो आहोत. मग सकाळी पुन्हा थालिपिठे. आणि काही चित्रांत एक विचित्र अडचण येऊ लागली. लोण्याचा गोळा आहे असे वाटे, पण थालीपीठही तितकेच उजळ. जणू तव्यावरच तुपाने माखले आहे. आत की बाहेर? मला सांगता येईना. तिसऱ्या रकान्यात रेघ.

भाऊबीजेला अक्का आली, ओवाळणी झाली, आणि जेवणानंतर लखोटा फुटला. चकत्या चार तऱ्हेच्या होत्या: नुसत्या, निरोप्या सोडलेल्या, आधी औषध देऊन मग निरोप्या सोडलेल्या, आणि नुसते औषध दिलेल्या. मुक्ताने माझे आकडे चार ढिगांत घातले. पहिल्या ढिगात जवळजवळ सगळे बाहेर, दुसऱ्यात जवळजवळ सगळे आत. मामा पास झाला, असे ती ओरडली. चौथा ढीगही ठीक, भोके शाबूत. मग तिसरा. तिचा चेहरा उतरला.

संगणकाने या ढिगातल्या बहुतेक पेशी 'बाहेर' म्हणून नोंदल्या होत्या. औषधाने हुकूमदाराला ओसरीवरच अडवले, हा तिच्या दोन वर्षांचा निष्कर्ष. माझ्या कागदावर तिथे थोड्या आत, त्याहून थोड्या बाहेर, आणि निम्म्याहून जास्त पेशी तिसऱ्या रकान्यात.

"मामा, तू दमला असशील."

"बाकीच्या ढिगांत का नाही दमलो? चित्रं तर सगळी मिसळलेली होती."

ती काही बोलली नाही. मी विचारले, "आता तरी सांग, औषध कोणतं?"

"हळद. म्हणजे हळदीतलं कुर्क्युमिन."

आई कोपऱ्यात बसली होती, ती एकदम सावरून बसली. आता माझी अडचण वाचकांनी समजून घ्यावी. आम्ही मूळचे सांगलीचे. माझे आजोबा सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडतीवर दिवाणजी होते. हरिपूरच्या पेवांतून हळद काढतात तेव्हा कसा वास सुटतो, हे ते आम्हांला सांगत. पडले, खरचटले, की हळद. खोकला झाला की हळद. १९९५ साली अमेरिकेत जखमेवरच्या हळदीचे पेटंट दोघांना दिले गेले आणि डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या संशोधन परिषदेने झगडून ते १९९७ साली रद्द करवले, तेव्हा मी विद्यार्थी होतो आणि आमच्या घरात पेढे वाटले होते. मुक्ताने मला औषधाचे नाव आधी सांगितले असते, तर तिसऱ्या रकान्यातल्या किती रेघा मी 'बाहेर'मध्ये ओढल्या असत्या? मी स्वतःला विचारले, आणि उत्तर मला आवडले नाही.

"दुसऱ्यांनीही हेच लिहिलंय," मुक्ता म्हणाली. "कुर्क्युमिन एन-एफ-कॅप्पा-बीला अडवतं, असं १९९५ पासून छापून येतंय."

खरे आहे. तेव्हापासून कुर्क्युमिनवरच्या निबंधांचे पेवच फुटले आहे, आणि हळदीच्या बाबतीत हा वाक्प्रचार अगदी शब्दशः लागू पडतो. पण २०१७ साली अमेरिकेतल्या औषधरसायनाच्या एका नियतकालिकात या साऱ्या निबंधांचा झाडा घेणारा लेख आला. त्यात असे दाखवले होते, की कुर्क्युमिन हे फसवे रसायन आहे. ते लवकर मोडते, रक्तात फारसे उतरत नाही, आणि मोजणाऱ्या यंत्रांना चकवते. चकवण्याच्या तऱ्हा बऱ्याच. त्यांतली एक म्हणजे ते स्वतःच उजळते.

हा लेख मुक्ताने वाचलेला होता. वाचलेले आणि आठवणीत असलेले यांत अंतर असते, हे परीक्षेला बसलेल्या कोणालाही माहीत आहे. ती एकदम उठली. "मामी, स्पिरिट आहे घरात? आणि तो खालचा वाणी नोटा तपासतो, तो जांभळा दिवा मागून आणा ना कुणीतरी."

दिवा आला. काचेच्या पेल्यात स्पिरिट ओतले, चिमूटभर हळद घातली, गाळ खाली बसू दिला. घरातले दिवे मालवले. दारातली पणती तेवढी राहिली. जांभळा दिवा लावताच पेल्यातले पिवळे पाणी हिरवट पेटले. माझा धाकटा टाळ्या वाजवू लागला. मुक्ता मात्र पेल्याकडे पाहत खाली बसली.

आता सगळे उघड होते. हुकूमदार केंद्रकात गेला असला, तरी पेशीच्या कडेच्या भागात शिरून बसलेले कुर्क्युमिन स्वतःच्या उजेडाने तो भाग उजळत असणार. ससा नाही, बकरी नाही, कंदील नाही, तरीही उजेड! आतला आणि कडेचा उजेड यांचे गुणोत्तर खाली येते, आणि संगणक म्हणतो, बाहेर. बरे, चित्रातला हिरवा आणि हळदीचा पिवळट हिरवा यांत डोळ्याला फरक कळला असता म्हणावे, तर कॅमेरा रंग पाहतच नाही. तो फक्त कमी-जास्त उजेड टिपतो. हिरवा रंग मागाहून संगणक भरतो.

"प्रतिपिंडं न घालता नुसती पेशी बघायची असते," मुक्ता म्हणाली. "ती मी बघितली होती. पण साध्या पेशींवर. हळद दिलेल्या पेशींवर बघितलीच नाही."

"का नाही?"

"कारण चित्र छान आलं होतं, मामा."

डिसेंबरात तिची प्रगती तपासणाऱ्या समितीची बैठक होती. भिंतीवर लावायचे मोठे चित्रपत्रक छापून तयार होते. अक्का म्हणाली, आता छापलंच आहे तर... आणि वाक्य अर्धेच सोडून गप्प बसली. मुक्ता त्या रात्री आमच्याकडेच राहिली. उशिरापर्यंत तिच्या खोलीत उजेड होता.

प्रयोगशाळा उघडताच तिने पहिले काम ते केले. हळद दिलेल्या पेशी, प्रतिपिंड एकही नाही, कॅमेऱ्याची मात्रा तीच. मला मोबाइलवर चित्र आले: काळ्या पडद्यावर मंद उजळलेली, भोकाची थालिपिठे. खाली एकच शब्द, "बघ". सरांनी तिला रागावले नाही. समितीपुढे जाण्याच्या आधी कळले हे बरे झाले, म्हणाले, आणि कामाचे वेळापत्रक पुन्हा आखायला बसले. समितीपुढे तिने जुना आकडा, फसवा उजेड आणि नवा बेत, तिन्ही ठेवले. एका सभासदाने तिला विचारले, हे तुमच्या लक्षात कसे आले? ती म्हणाली, "माझा मामा मराठी शिकवतो." पुढचे स्पष्टीकरण तिला बरेच लांबवावे लागले म्हणे.

जानेवारीत तिने सगळा प्रयोग पुन्हा केला. या वेळी बकरीच्या शेपटीला दूरच्या तांबड्या टोकाकडचा रंग बांधला. तो आपल्या डोळ्याला जेमतेमच दिसतो, कॅमेऱ्याला नीट दिसतो, आणि मुख्य म्हणजे कुर्क्युमिन त्या बाजूला उजळत नाही. दोनशे चाळीस चित्रे पुन्हा माझ्याकडे आली. प्रयोगशाळेतल्या आणखी दोघांनीही ती आंधळेपणाने मोजली, कारण निबंधात मामाची साक्ष चालत नाही. या खेपेला मला औषध ठाऊक होते, पण कोणता क्रमांक कोणाचा हे ठाऊक नव्हते, आणि खरे सांगतो, ओळखायचा प्रयत्न करूनही ओळखता आले नाही. तिसऱ्या रकान्यात फारच थोड्या रेघा पडल्या.

लखोटा फुटला. हळद दिलेल्या चकत्यांवर बहुतेक पेशींत लोणी आत होते. ओसरीवर अडलेल्या पेशी नुसत्या निरोप्याच्या चकत्यांपेक्षा थोड्या जास्त भरल्या, पण ज्याच्यावर दोन वर्षांचा मनोरा उभा होता तो अडसर राहिला नव्हता. हे एका तऱ्हेच्या पेशींत, एका मात्रेला, अर्ध्या तासाला. मुक्ता एवढेच म्हणते आणि याच्या पुढे एक शब्द बोलत नाही. मी तिच्या वतीने चार वाक्ये जास्त बोलायला गेलो, तेव्हा तिने मला अडवले. आता ती त्याच पेशींचा सिनेमा काढते आहे, दर पाच मिनिटांनी एक चित्र. फेऱ्या बदलतात का, ते पाहायला. जुन्या पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर आमच्या धाकट्याने यंदाच्या किल्ल्याचा नकाशा काढला आहे.

आईचे मात्र समाधान झालेले नाही. परवा मुक्ता आली तेव्हा तिने हातातला पेला पुढे धरून विचारले, "मग काय गं, हळदीचं दूध प्यायचं की नाही?"

"पी आजी," मुक्ता म्हणाली, "ते मी मोजलेलं नाही."

आईने दुधावरची साय बोटाने बाजूला केली आणि पेला तोंडाला लावला.